चष्मा उतरविण्यापूर्वी

मनुष्य शस्त्रक्रियेला सहसा निरुपायानेच तयार होतो. अवयव रोगग्रस्त झालेला असतो, औषधाने गुण येत नाही, वेदना असह्य होतात, आणि अन्य मार्ग उरला नाही म्हणून तो स्वतःला शल्यवैद्याच्या स्वाधीन करतो. चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी लेझरची जी शस्त्रक्रिया हल्ली आपल्याकडील लहानमोठ्या शहरांतून होते, ती या नियमाला अपवाद आहे. कारण जो डोळा शल्यवैद्याच्या हाती द्यावयाचा, तो चष्मा लावला असता उत्तम पाहणारा, निरोगी आणि धडधाकट असा डोळा असतो. चष्मा नाकावर राहिला म्हणून कोणाचे आयुष्य धोक्यात येत नाही, आणि शस्त्रक्रिया सहा महिने किंवा सहा वर्षे लांबणीवर पडली म्हणून ती करण्याची संधी बहुधा हुकत नाही. सबब येथे घाईचे समर्थन करता येत नाही, आणि विचाराला मात्र भरपूर अवसर आहे. तो अवसर कसा उपयोगात आणावा, याचा सामान्य वाचकाला उपयोगी पडेल असा तपशील पुढे दिला आहे.

चष्म्यातून मोकळे होण्याची इच्छा स्वाभाविक आहे. पावसाळ्यात दुचाकीवर जाताना ज्याच्या काचा धुकटतात, कबड्डीच्या मैदानावर ज्याला चष्मा काढून अंदाजानेच चढाई करावी लागते, रात्री जाग आली असता ज्याचा हात प्रथम उशाशी चाचपडतो, त्याची अडचण खरीच असते. परंतु कांदेपोह्यांच्या बैठकीत चष्मा हे मुलीचे वैगुण्य ठरू नये म्हणून वडीलधाऱ्यांनी तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाठवावे, हे कारण मुळीच पुरेसे नाही. डोळा जिचा, निर्णयाचा अखत्यार तिचा, एवढे तत्त्व घरात प्रथम मान्य झाले पाहिजे. पुढील साऱ्या गोष्टी त्यानंतरच्या.

या शस्त्रक्रियेत नेमके काय घडते, हे समजून घेण्यासाठी डोळ्याची रचना थोडी पाहावी लागेल. बुबुळाच्या पुढे, मनगटी घड्याळावर काच बसविलेली असावी त्याप्रमाणे, एक पारदर्शक आवरण असते. त्याला मराठीत पारपटल आणि डॉक्टरांच्या बोलण्यात कॉर्निया म्हणतात. बाहेरून येणारे किरण वळवून मागच्या पडद्यावर एकवटण्याचे डोळ्याचे एकंदर सामर्थ्य सुमारे 60 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) असते, आणि त्यांपैकी सुमारे 43 एकट्या पारपटलाच्या वक्रतेतून येते. आतल्या भिंगाचा वाटा उरलेला. नेत्रगोल लांबट असला म्हणजे किरण पडद्याच्या अलीकडेच एकवटतात आणि दूरचे अंधुक दिसते. हाच उणे नंबर. लेझर नेत्रगोलाची लांबी कमी करीत नाही. ते पारपटलाच्या मध्यभागातील सूक्ष्म थर काढून त्याची वक्रता सौम्य करते आणि किरणांचा मिलनबिंदू मागे पडद्यावर नेते. ज्या पारपटलावर हे कार्य करावयाचे, त्याची मध्यभागीची जाडी बहुतेकांत अवघी अर्धा मिलिमीटर, म्हणजे 540 मायक्रॉनच्या आसपास असते, आणि काढलेला थर पुन्हा कधी भरून येत नाही. या विषयातील सर्व सावधगिरीचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

ही विद्या अनेक चुकांतून आणि शहाणपणांतून आजच्या अवस्थेला आली आहे. जपानमधील नेत्रवैद्य सुतोमू सातो यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पारपटलाच्या आतील बाजूने छेद देऊन त्याची वक्रता कमी करण्याचा प्रयत्न केला; आतील पेशींच्या नाजूक थराचे महत्त्व तेव्हा पुरते ज्ञात नव्हते, आणि कित्येक वर्षांनंतर त्यांच्या अनेक रुग्णांची पारपटले सुजून अपारदर्शक झाली. मूळचे स्पेनचे आणि पुढे कोलंबियातील बोगोता येथे स्थायिक झालेले होसे बाराकेर यांनी पारपटलाला नवा आकार देण्याची कल्पना 1949 साली मांडली. मॉस्कोचे स्वियातोस्लाव्ह फ्योदोरोव्ह यांनी 1970 नंतरच्या दशकात बाहेरच्या बाजूने अरीय छेद देण्याची पद्धत लोकप्रिय केली; परंतु अमेरिकेत अशा रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर असे आढळले, की शेकडा 43 डोळ्यांचा नंबर या मुदतीत एक डायॉप्टर वा त्याहून जास्त प्रमाणात अधिक (प्लस) बाजूला सरकला होता. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीची दृष्टी हा तिचा अंतिम निकाल नव्हे, ही शिकवण त्या अनुभवाने दिली आणि ती आजही तितकीच खरी आहे.

लेझरच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेत जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांच्यासह काम करीत असताना, 1981 सालच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या मेजवानीतील उरलेल्या टर्की पक्ष्याच्या अवशेषांवर त्यांनी एक्सायमर लेझरचे स्पंद सोडून पाहिले. 193 नॅनोमीटर तरंगलांबीच्या त्या अतिनील किरणांनी ऊतीत अत्यंत रेखीव छेद पडला, पण शेजारचा भाग उष्णतेने भाजला नाही, असे त्यांना दिसून आले. स्टीफन ट्रोकेल या नेत्रवैद्याने श्रीनिवासन यांच्या सहकार्याने हा शोध पारपटलाकडे वळविला, आणि 1983 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा लेझरचा एक स्पंद पाव मायक्रॉनच्या आसपास ऊती काढतो. मनुष्याच्या हाताला जी सूक्ष्मता अशक्य होती, ती अशा रीतीने साध्य झाली. श्रीनिवासन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांना 2013 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय पदक देऊन गौरविण्यात आले.

आज प्रचारात असलेल्या मुख्य पद्धती तीन. पहिली पीआरके : हिच्यात पारपटलावरील बाह्य पापुद्रा दूर करून थेट पृष्ठभागावर लेझर चालवितात, पापुद्रा पुन्हा उगवून येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा दुखतो, पाणी येते, आणि दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, परंतु पारपटलाचे बळ हिच्यात तुलनेने अधिक राखले जाते. दुसरी लॅसिक : हिच्यात पारपटलाची एक पातळ झडप उचलून, खालच्या थरावर लेझर चालवून, झडप पुन्हा जागी बसवितात, ग्रीसमधील क्रीट बेटावरचे डॉ. पालिकारिस यांनी 1990 च्या सुमारास ती रूढ केली. वेदना अल्प आणि दृष्टी बहुधा दुसऱ्याच दिवशी स्वच्छ, हे तिच्या लोकप्रियतेचे कारण. तिसरी स्माइल : हिच्यात झडप उचलीत नाहीत, फेम्टोसेकंद लेझरने पारपटलाच्या आतच एक सूक्ष्म चकती कोरून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. या पद्धतीच्या प्रारंभीच्या अभ्यासात वडोदरा येथील नेत्रशल्यविशारद डॉ. रूपल शाह यांचा वाटा मोठा असून त्यांचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले आहेत. या तिहींतील कोणतीही एक सर्वांसाठी सर्वश्रेष्ठ असे नाही. कुस्ती, कबड्डी, मुष्टियुद्ध असे अंगझटीचे खेळ खेळणाऱ्याला झडपेची पद्धत सहसा सुचवीत नाहीत, कारण जोराचा आघात झाल्यास झडप अनेक वर्षांनंतरही सरकू शकते. उलट, दुखणे सोसून आठवडाभर घरी बसणे ज्याला शक्य नाही, त्याला पीआरके गैरसोयीची वाटेल. पद्धतीची निवड डोळ्याच्या मापांवरून आणि माणसाच्या व्यवसायावरून व्हावयास हवी. कोणते यंत्र चिकित्सालयाने नुकतेच विकत घेतले आहे, यावरून ती होऊ नये.

मापांचा हिशेब कसा करतात, हे वाचकाने एकदा स्वतः करून पाहावे, कारण तो कठीण नाही. एका तरुणाच्या पारपटलाची जाडी 540 मायक्रॉन आणि नंबर उणे सहा आहे असे समजू. लॅसिकची झडप सुमारे 110 मायक्रॉनची. लेझर दर डायॉप्टरमागे साधारणपणे 15 मायक्रॉन घेईल असे धरले तर सहा नंबरांसाठी 90. म्हणजे झडपेखाली 340 मायक्रॉन शिल्लक राहतील. ही शिल्लक 250 च्या खाली जाऊ नये असा दीर्घकाळचा दंडक आहे, आणि अनेक सावध शल्यवैद्य 300 ची मर्यादा पाळतात. अर्थात हा डोळा त्या कसोटीस उतरला. आता दुसऱ्याची जाडी 480 आणि नंबर उणे आठ असेल, तर त्याच हिशेबाने 250 च उरतात, आणि अशा माणसाला लॅसिकसाठी नकार मिळणे हेच त्याच्या हिताचे. त्याने निराश होण्याचे कारण नाही. मोठ्या नंबराच्या किंवा पातळ पारपटलाच्या डोळ्यात, नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्या पुढे एक घडीचे कृत्रिम भिंग बसविण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. तिचे धोके वेगळे आहेत आणि त्यांचाही खुलासा मागितला पाहिजे, पण तिच्यात पारपटलाचा थर खर्ची पडत नाही, आणि प्रसंग पडल्यास ते भिंग काढताही येते.

जाडीहून महत्त्वाचा प्रश्न पारपटलाच्या बळाचा. काही तरुणांत पारपटल हळूहळू दुबळे होऊन शंकूप्रमाणे पुढे येते. या विकाराला केराटोकोनस म्हणतात. आरंभी त्याचे लक्षण बाहेरून दिसत नाही, केवळ तिरकस नंबर वरचेवर बदलत राहतो. डोळ्यांच्या ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्यांत आणि घरात कोणाला हा विकार असलेल्यांत तो विशेष संभवतो. अशा डोळ्यावर लेझर चालविले तर दुबळे पारपटल अधिकच दुबळे होऊन पुढे येत राहते, आणि जो मनुष्य चष्म्याने स्वच्छ पाहत होता त्याला चष्म्यानेही नीट दिसेनासे होते. पारपटलाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढणारी टोपोग्राफीची तपासणी याचकरिता अनिवार्य आहे. ती विश्वसनीय व्हावी म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स आधीच बंद करावी लागते. मऊ लेन्स दोन आठवडे आणि ताठ लेन्स तीन ते चार आठवडे वापरू नये, कारण लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. सकाळी लेन्स काढून आलेल्या मुलीची दुपारी मोजमापे घेऊन संध्याकाळी शस्त्रक्रिया उरकण्याची तयारी जे चिकित्सालय दाखविते, तेथून उठून यावे.

आणखी कोणी थांबावे? अठरा वर्षे पूर्ण न झालेल्यांनी, आणि ज्यांचा नंबर गेल्या वर्षभरात अर्ध्या डायॉप्टरहून अधिक बदलला आहे अशा सर्वांनी, वय काहीही असो. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, कारण त्या काळात नंबर आणि अश्रूंचे प्रमाण दोन्ही बदलते. अनियंत्रित मधुमेह, संधिवातासारखे स्वप्रतिकारजन्य विकार, डोळ्यात पूर्वी होऊन गेलेली नागीण, मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, यांपैकी काहीही असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. कोरड्या डोळ्यांचा प्रश्न तर आज घरोघरी आहे. हिंजवडीच्या वातानुकूलित कचेरीत दिवसभर संगणकाकडे पाहणाऱ्याच्या पापण्या कमी वेळा मिटतात आणि डोळे आधीच रुक्ष झालेले असतात. लेझरने पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू छेदले जातात, त्यामुळे ही रुक्षता काही महिने वाढते, क्वचित दीर्घकाळ टिकते. म्हणून अश्रूंची तपासणी आधी, कोरडेपणाचा इलाज आधी, आणि शस्त्रक्रिया त्यानंतर, हा क्रम मोडू नये.

शस्त्रक्रियेने काय मिळते याबरोबरच काय मिळत नाही, हेही स्पष्ट असावे. चाळिशी टळत नाही. उणे दोन नंबरची जी गृहिणी पंचेचाळिसाव्या वर्षी चष्मा काढून सुईत दोरा सहज ओवते, तिने लांबचा नंबर घालविला तर दोरा ओवण्यासाठी तिला चष्मा लागेल. तिच्यासाठी हा व्यवहार लाभाचा की तोट्याचा, हे तिनेच ठरवावयाचे. नंबर गेला तरी नेत्रगोल लांबटच राहतो. म्हणून मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यात मागचा पडदा सुटण्याचा जो धोका असतो, तो जसाच्या तसा राहतो. बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी तर हवीच, पण पुढेही नियमाने हवी. सरकारी नोकरीची आशा धरणाऱ्यांनी तर प्रथम भरतीची जाहिरात वाचावी. रेल्वेच्या सहायक लोको पायलट या पदाला लेझर करून घेतलेला उमेदवार अपात्र ठरतो. सैन्यदलांचे नियम शाखेप्रमाणे आणि प्रवेशाच्या प्रकाराप्रमाणे निरनिराळे आहेत. नंबर घालविला म्हणजे भरतीचा मार्ग खुला झाला, अशा समजुतीने पैसे खर्च करून तो मार्गच कायमचा बंद करून घेणे, यासारखी हानी नाही.

दुष्परिणामांविषयी भय आणि बेफिकिरी दोन्ही टाळावीत. त्यासाठी आकडे उपयोगी पडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेथील राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि संरक्षण खाते यांच्या सहकार्याने लॅसिक झालेल्यांचा जो अभ्यास केला, त्यात शेकडा 95 हून अधिक लोक आपल्या दृष्टीविषयी समाधानी आढळले. परंतु ज्यांना पूर्वी दिव्याभोवती वलये, झगमगाट, दुहेरी प्रतिमा असा कोणताही त्रास नव्हता, अशांपैकी शेकडा 46 पर्यंत लोकांनी तीन महिन्यांनंतर यांतील निदान एक नवा त्रास सांगितला, आणि पूर्वी कोरडेपणाची तक्रार नसलेल्यांपैकी शेकडा 30 पर्यंत लोकांना ती जाणवली. या त्रासामुळे नित्याच्या कामात फार अडचण येते असे म्हणणारे शेकडा एकाहूनही कमी होते. रात्रीच्या पाळीत ट्रक किंवा बस चालविणाऱ्याने हे आकडे विशेष लक्षपूर्वक वाचावेत. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवतीचे वलय त्याच्यासाठी मामुली नसते.

आता चिकित्सालयाची निवड. प्रत्येक जण प्रथम खर्च विचारतो, आणि तेथेच फसण्याचा संभव अधिक. ‘अमुक रुपयांपासून पुढे’ असे जाहिरातीत छापलेले असते. तो आकडा एका डोळ्याचा की दोन्ही डोळ्यांचा, त्यात पूर्वतपासण्या, औषधे, वर्षभराच्या फेरतपासण्या आणि नंबर थोडा उरल्यास करावी लागणारी दुरुस्ती यांचा अंतर्भाव आहे किंवा नाही, हे लेखी मागावे. आरोग्यविम्यावर विसंबणाऱ्याने लक्षात ठेवावे की 7.5 डायॉप्टरहून कमी नंबरासाठीचा हा खर्च आपल्याकडील विमापत्रांत सर्वसाधारणपणे वगळलेला असतो. सणानिमित्त सवलत, आजच नोंदणी केल्यास सूट, असली प्रलोभने डोळ्यांच्या बाबतीत विचारातच घेऊ नयेत. डॉक्टरांनी जाहिरातीद्वारे रुग्ण मिळविणे हे वैद्यकीय आचारसंहितेला मान्य नाही, हे सामान्य माणसाने ध्यानात घ्यावे. भव्य फलक हा कौशल्याचा पुरावा नाही.

कौशल्याची शहानिशा अन्य रीतीने करता येते. शल्यवैद्याची पदवी नेत्रशास्त्रातील आहे ना आणि त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत आहे ना, हे पाहणे सोपे आहे. त्याहून बोलका पुरावा तपासणीच्या पद्धतीत असतो. जाडी, टोपोग्राफी, अश्रू, बाहुलीचा आकार, डोळ्याचा दाब, पडदा, थेंब घालून आणि न घालता काढलेला नंबर, एवढ्या साऱ्याला दोन-तीन तास सहज लागतात. जेथे ते अर्ध्या तासात आटोपते तेथे काहीतरी गाळलेले असते. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आधीच्या दिवसांत स्वतः भेटला पाहिजे. समुपदेशक म्हणून बसविलेली व्यक्ती कितीही गोड बोलणारी असली तरी ती त्याच्याऐवजी चालणार नाही. त्याला पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत : माझ्या पारपटलाची जाडी किती, शस्त्रक्रियेनंतर किती उरेल, माझ्यासाठी हीच पद्धत का, मी काहीच केले नाही तर काय बिघडेल, आपण गेल्या महिन्यात किती जणांना नकार दिला, आणि गुंतागुंत झालीच तर मध्यरात्री मला कोण पाहील? जाणता डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर तेही एक उत्तरच समजावे. शंका राहिल्यास दुसऱ्या ठिकाणी, शक्यतो ज्याला ही शस्त्रक्रिया करण्यात आर्थिक लाभ नाही अशा नेत्रवैद्याकडे, कागद दाखवावेत. जिल्ह्याच्या ठिकाणचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जुने धर्मादाय नेत्ररुग्णालय यांचा या कामी चांगला उपयोग होतो. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी नेऊन वाचावे, आणि टेबलावर जाण्याच्या दहा मिनिटे आधी पुढे केलेल्या कागदावर सही करू नये.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर नंतरच्या महिन्याचाही विचार आधी करावा. ठरलेल्या वेळी थेंब घालणे, डोळा न चोळणे, विहिरीत वा तलावात न पोहणे, मळणीच्या धुळीपासून दूर राहणे ही पथ्ये कडक पाळावी लागतात. म्हणून विसर्जनाच्या मिरवणुकीतील गुलाल आणि धुळवडीचा रंग यांच्या तोंडावर तारीख घेऊ नये. वेदना वाढत गेली, लाली वाढली, दृष्टी कमी होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

योग्य डोळा, योग्य वय, कसून केलेली तपासणी आणि नकार देण्याचे धैर्य असलेला शल्यवैद्य, या चार गोष्टी जुळल्या असता ही शस्त्रक्रिया मनुष्याला मोठे सुख देते, हे निःसंशय. त्यांपैकी एकही उणी असेल तर चष्मा हाच अधिक चांगला उपाय होय. आणि ज्यांनी ती करून घेतली वा जे करून घेणार आहेत, त्यांना एक कळकळीची विनंती : शस्त्रक्रियेपूर्वीची सर्व मापे, टोपोग्राफीचे नकाशे आणि जुना नंबर यांची प्रत मागून घ्यावी आणि घरातील महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर जन्मभर जपून ठेवावी. पारपटल पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्याहून कमी दिसतो आणि त्यामुळे काचबिंदू लक्षात न येण्याचा संभव असतो. तसेच वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदूच्या वेळी आत बसवावयाच्या भिंगाची शक्ती ठरविताना डॉक्टरांना हेच कागद लागतात.